तीनशे बारा पासवर्ड

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी शेळगावातल्या करुणाच्या फॉर्म सेंटरमधल्या संगणकावर ब्राउझर उघडला, आणि तो कोरा होता.

वरची ओळखीची पट्टी गेली होती. शासनाच्या पोर्टलांच्या खुणा गेल्या होत्या. साठवलेले पासवर्ड शून्य. जेवायला घरी जाताना 'अपडेट उपलब्ध आहे' या चौकटीला तिनं हो म्हटलं होतं. ती पोळी-भाजी खाऊन परतेपर्यंत संगणकातल्या लिनक्स प्रणालीनं स्वतःला नवं करून घेतलं होतं. जुन्याचं काय केलं, ते मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

समोरच्या बाकावर वरकुटे गावचे मानसिंग मारकड आणि त्यांची मुलगी योगिनी बसली होती. योगिनीला सरकारी नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. प्रवेशाच्या पोर्टलवर जाऊन ती जागा स्वीकारल्याचं कळवायचं होतं, आज संध्याकाळी पाचच्या आत. नाही कळवलं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. पोर्टल उघडायला पासवर्ड हवा होता, आणि तो फक्त या ब्राउझरमध्ये होता.

करुणा सुरुवातीला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्यायची. चिठ्ठ्या खिशासकट धुतल्या जायच्या, पोरं पुन्हा दारात. मग एका बाईनं सांगितलं, "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या ताई, आमच्या घरात कागूद टिकत न्हाय." तेव्हापासून तोच रिवाज पडला. पासवर्ड करुणानं करायचा, ब्राउझरनं सांभाळायचा. तीनशे बारा पोरांचे पासवर्ड होते, आणि त्यातला एकही त्या पोरांना माहीत नव्हता.

"लागलं का ताई?" मानसिंग तात्यांनी विचारलं.

"लागतंय तात्या. जरा सावकाश चाललंय."

तिचा आवाज सरळ निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

सिंक होतंच की. इथं साठवलेलं आपोआप तिच्या बारामतीच्या दुसऱ्या सेंटरमधल्या मशीनवर उतरायचं आणि तिकडचं इकडं. भाऊ अनुपनं ती सोय करून दिली होती. सिंकच्या खात्यात पुन्हा शिरलं की सगळं परत येईल. पण त्या खात्याचा पासवर्ड? तोही तिनं ब्राउझरलाच सांभाळायला दिला होता. कपाटाची किल्ली कपाटातच.

तिनं 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. ईमेल आला. नवा पासवर्ड टाकण्याआधी एक सूचना आली : पासवर्ड बदलल्यास सर्व्हरवर साठवलेली माहिती पुसली जाईल. दिवसाला अशा वीस सूचना ती बघायची. तिनं ही वाचली आणि 'पुढे' दाबलं.

हिरवी खूण आली. सिंक चालू आहे. पासवर्ड : शून्य.

ती सूचना खरी होती.

राहिला पोर्टलचा स्वतःचा रस्ता : पासवर्ड विसरलो म्हणायचं आणि नोंदवलेल्या मोबाइलवरचा ओटीपी टाकायचा. "तात्या, तुमचा फोन बघू."

"ह्यो घ्या. पर ह्यो नवा नंबर हाय. जुन्याला रिचार्ज मारला न्हाय चार-सा म्हयने, त्यो बंद पडला."

पोर्टलनं शाळेच्या नोंदीवरून अर्जात जुनाच नंबर उचलला होता. करुणानं तो फिरवला. घंटी गेली. कुणीतरी उचलला.

"हॅलो, दादा, हा नंबर पूर्वी आमच्या ओळखीच्यांचा होता. आता त्यावर एक ओटीपी येईल, तेवढा सांगता का? एका मुलीचं ॲडमिशन…"

"आलं का!" पलीकडचा माणूस खूश होऊन ओरडला. "परवा बँकेतनं बोलत होता, आज पोरीचं ॲडमिशन काय? मला काय येडं समजता व्हय? नंबर हाय माझ्याकडं, चौकीतच देतो." फोन बंद. पुन्हा लावला तर लागेना.

पोर्टलच्या मदत कक्षाचं उत्तर आपोआप आलं : आपल्या तक्रारीची दखल चोवीस तासांत घेतली जाईल.

दोनला पाच कमी असताना तिनं अनुपला फोन केला. तो काटेवाडीत डेअरीवर संगणकाचं काम बघायचा.

"सूचना वाचलीस आणि तरी दाबलंस?" अनुप म्हणाला.

"भाषण नंतर कर. आता काय करू?"

अनुपनं आधी दुसऱ्या मशीनचं विचारलं. "बारामतीचं मशीन दोन दिवस बंद आहे ना? त्यात प्रत असणार. पण ते नेटला लागता कामा नये. रिकामी यादी तिकडं उतरली तर तीही गेली."

"उतरेल?"

"माहीत नाही. करून बघायची ही वेळ नाही. किल्ली घेऊन निघ, मला वाटेत घे."

"बारामतीला जाऊन येते," तिनं तात्यांना सांगितलं. "तुम्ही इथंच थांबा. काही कळलं की फोन करते."

"काय घोळ झालाय का?" योगिनीनं विचारलं. तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

"नाही गं," करुणा म्हणाली, आणि पोरीच्या तोंडाकडं न बघता स्कूटीची किल्ली उचलली.

रस्ताभर दोन्हीकडं ऊस होता आणि पुढं ट्रॅक्टर. काटेवाडीला अनुप फाट्यावरच उभा होता. मागं बसल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंस?" करुणानं मान हलवली. नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी त्यांनी बारामतीचा गाळा उघडला. अनुपनं आधी नेटची वायर उपटली, मग मशीन चालू केलं. जुनं मशीन, त्याला उठायलाच सहा मिनिटं लागली. ब्राउझर उघडला. ओळखीची पट्टी होती. पासवर्डही होते. करुणानं भिंतीला पाठ टेकली.

"मारकड म्हणालीस ना?" अनुप यादी खाली-वर सरकवत होता. "मारकड नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. दोनशे अठ्ठ्याण्णव आहेत. शेवटचा बारा तारखेचा. योगिनीचा फॉर्म कधी भरलास?"

"चौदाला."

सिंक बारा तारखेलाच अडकलं होतं. त्या दिवसापासून ना शेळगावचं इकडं आलं, ना इकडचं तिकडं गेलं, आणि कोपऱ्यात एक बारीकशी पिवळी खूण येऊन बसली होती. करुणा आठवड्यातून तीनदा याच खुर्चीवर बसायची. ती खूण तिनं पाहिली होती. तिला वाटलं होतं, असेल काहीतरी.

अनुपनं जवळपास तासभर मशीनचा कानाकोपरा धुंडाळला. ब्राउझरच्या आतल्या एका पानावर त्याला साठवलेल्या माहितीचे दोन कप्पे दिसले : एक चालू, एक मागच्या वर्षीच्या अपडेटआधीचा, टाकून दिलेला. तो कपाळावर हात मारून घेणार होता, पण हात अर्ध्यावरच थांबला.

"ताई, अपडेटनं जुना कप्पा पुसलेला नसतो. शेजारी नवा उघडून दिलेला असतो. तुझे तीनशे बारा शेळगावातच आहेत. त्याच मशीनमध्ये."

"म्हणजे मी इथं…"

"काखेत कळसा."

"अन्या, आत्ता म्हणी नकोत!"

चार वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. परतीचा रस्ता सव्वा तासाचा. करुणानं तात्यांना फोन लावला आणि योगिनीला द्यायला सांगितला.

"योगिनी, माझ्या खुर्चीवर बस."

"मी?"

सेंटरमधल्या संगणकाला गिऱ्हाइकानं हात लावायचा नाही, हा करुणाचाच नियम होता. योगिनीनं आयुष्यात माऊस धरला नव्हता. फोन स्पीकरवर ठेवून अनुप एकेक अक्षर सांगत गेला. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा ते आतलं पान उघडलं.

"दोन चौकटी हायत्या," योगिनीचा आवाज आला. "एकीवर आजची तारीख."

"दुसरीखाली बटणं आहेत बघ. 'लाँच' लिहिलंय तेच दाबायचं. शेजारी 'रिमूव्ह' आहे, त्याला चुकूनसुद्धा—"

"ह्यो बाण कुठंबी पळतोय."

"तू माऊस उचलून धरलायस," करुणा म्हणाली. "टेबलाला टेकव. ऐक, चूक माझी आहे. मी पासवर्ड घालवून बसले होते आणि तुला सांगितलं नाही. आता फक्त 'लाँच'."

मग माऊसची टिकटिक.

"नवी खिडकी आली ताई. वर लई खुणा हायत्या."

पोर्टल उघडलं. पासवर्डाच्या जागी काळे ठिपके आपोआप भरले. चार वाजून एक्कावन्न मिनिटं. योगिनी आत गेली. तिनं आपलं नाव, कॉलेजचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. मागून तात्या म्हणत होते, "सावकाश बाय, सावकाश."

"आता 'स्वीकारा' शोध."

"दिसलं. दाबू?"

त्याच वेळी फोनमधून टीं टीं आवाज यायला लागला. करुणानं तो ओळखला. शेळगावची लाइट गेली होती आणि मशीन यूपीएसवर आलं होतं. "दाब! दाब लगेच!"

"दाबलं… गोल फिरतंय. ताई, नुसतं गोल फिरतंय…"

फोन तुटला. चार वाजून चोपन्न. पुन्हा लावला : संपर्क क्षेत्राबाहेर. लाइटीबरोबर टॉवरही गेला असावा. अनुपनं शेळगावातल्या तीन ओळखीच्यांना फोन लावले. एकाचाही लागला नाही.

जागांची यादी पोर्टलवर कुणालाही बघता येते, पासवर्ड लागत नाही. दर अर्ध्या तासानं ती ताजी होते. करुणानं ती आपल्या मोबाइलवर उघडली आणि खाली ओढत राहिली. पाच वाजले. पाच दहा.

पाच वाजून बावीस मिनिटांनी यादीत एकशे चाळिसाव्या ओळीवर लिहिलेलं होतं : मारकड योगिनी मानसिंग, निर्णय बाकी. आणि पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत : ही माहिती ४.३० वाजेपर्यंतची आहे. पाचची यादी अजून लागलीच नव्हती; योगिनीनं दाबलेलं पोचलं की नाही, ते तिच्यातच कळणार होतं.