थंड पट्टीवरची चाचणी

बाबांची चिप कारखान्यातून तयार होऊन आली, तेव्हा त्यांना जाऊन महिना उलटला होता. चाचणीला मी यावं, असं दाढीकाकांनी फोन करून सांगितलं. ते बाबांचे प्रयोगशाळेतले जोडीदार. दाढी केव्हाच गेली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

नखाएवढ्या त्या तुकड्यावर सोळा कोअर होते. सोळा चिमुकले संगणकच म्हणा. एकमेकांना निरोप धाडायला त्यांच्यामध्ये एरवी तांब्याच्या तारा असतात, आणि त्या तापतात, तुंबतात. बाबांनी तारांच्या जागी उजेडाची वाट आखली होती. प्रत्येक कोअरच्या दाराशी केसाहून बारीक एक कडं. समोरून जाणाऱ्या उजेडातला आपला तेवढा रंग ते उचलून घेतं. पण कडं तापलं की त्याचा रंग सरकतो, आणि निरोप दारावरून निघून जातो. बाबांची शेवटची सगळी वर्षं या एका गोष्टीशी झुंजण्यात गेली. आज निरोप पोचला नाही, तर पुढची चिप तांब्याचीच होणार होती.

"बस. त्याचीच खुर्ची," काका म्हणाले. "चाकं एकाच बाजूला ओढतात. दुरुस्त करून घे म्हटलं की म्हणायचा, 'असू दे, तुझ्या टेबलाकडे आपोआप येतो.'"

मी हसले.

त्यांनी लेझर सुरू केला. पडद्यावर एक उभी, धारदार रेघ उठली.

"पोचला! बघ बाळा, पार शेवटच्या कोअरपर्यंत. पास लिहून टाकतो."

त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरायला हवे होते. पण चिपखालच्या थंड पट्टीचा हिरवा दिवा लागलेला मला दिसत होता. पट्टी चिपला गार धरून ठेवते. तिच्यावर काहीही पास होतं. दुसऱ्यांचे निकाल वाचून बाबा जेवताना चिडायचे, "बर्फाच्या लादीवर बसवून ताप मोजलाय लेकाच्यांनी!"

"काका, पट्टी चालू आहे."

"माहीत आहे मला."

"बाबांनी असं..."

"तो नाहीये आता." मग आवाज उतरला. "राहू दे ना गं. एवढंच उरलंय आपल्या हातात."

मी पट्टीचं बटण दाबून ती बंद केली. त्यांनी अडवलं नाही. मुकाट्याने सगळ्या कोअरना काम लावलं.

चिप तापू लागली. रेघ थरथरली. कड्यांचा ताप एकसारखा ठेवून त्यांना आपापल्या रंगावर धरायला बाबांनी प्रत्येकाशेजारी एक इवलासा हीटर बसवला होता. ते हीटर कमी-जास्त होऊ लागले. एक कडं सावरलं की त्या धगीने शेजारचं सुटायचं, ते सावरलं की पलीकडचं. काका पुढे वाकून बघत होते, मी श्वास धरून. मग रेघ खाली बसली, आणि पुन्हा उठली नाही.

काकांनी लिहिलेलं 'पास' खोडलं.

घरी आई बाबांच्या टेबलापाशी बसली होती, त्यांचा चष्मा पुसत.

"पोचला का उजेड?"

"नाही."

"आणि पट्टी?" इतकी वर्षं जेवताना तिनेही तेच ऐकलं होतं.

"चालू होती, तोवर पोचत होता. मी बंद केली."

आईचा हात काचेवर थांबला.

"कशाला बंद केलीस गं?"