मागून!

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी एक शब्द शिकवत: ‘मागून!’ उकळतं पातेलं घेऊन कुणाच्या पाठीशी आलात, की तो ओरडायचा. ऐकणाऱ्यानं वळून बघायचं नाही, तसंच भिंतीला चिकटायचं. वळला तो भाजला.

तिथल्या दोन सख्ख्या बहिणींमध्ये आता तेवढाच शब्द उरला होता. आईच्या शेवटच्या आजारपणात धाकटी फिरकली नाही, तेव्हा थोरली म्हणाली होती, “यापुढे मला ताई म्हणू नकोस.” धाकटीही हट्टाची. नाही म्हटलं ते नाहीच म्हटलं. पण उकळत्या दुधापुढे कसला अबोला? ‘मागून’ तेवढं दोघी म्हणत आल्या.

“अगं, एकदा कडाकडा भांडा तरी!” म्हातारा आचारी म्हणायचा. “विळ्या-भोपळ्यालासुद्धा तुमच्यापेक्षा जास्त बोलणं असेल.”

आज थोरलीचा कामाचा शेवटचा दिवस. उद्या ती लेकाकडे परगावी जायची, कायमची. धाकटी सकाळपासून ‘ताई’ जिभेवर घोळवत होती. कांदा चिरताना, दूध ढवळताना. ओठाशी आला की परत गिळायची. देवानं जीभ दिली, ती चालवायचं बळ मात्र आपलं आपणच आणावं लागतं.

“मागून!”

थोरलीचा आवाज. धाकटी सवयीनं भिंतीला लागली. थोरली तिच्या पाठीमागून हळूहळू, नको इतकी हळू गेली. पातेलं ओट्यावर ठेवलं, अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि बाहेर पडली.

“ते दूध गाळून घे गं,” आचारी म्हणाला.

धाकटीनं फडक्यानं पातेलं धरलं. ते नुसत्या हातानंही उचलता आलं असतं. झाकण काढलं. आत थेंब नव्हता. पातेलं गार.

ती तशीच ओल्या हातांनी धावली. गल्लीच्या टोकाशी थोरलीची पाठ दिसली. धाकटीनं सारा जीव गोळा करून तोंड उघडलं, आणि इतकी वर्षं तोंडात बसलेलं तेच बाहेर पडलं.

“मागून!”

थोरली थबकली. भिंतीकडे सरली, पिशवी पोटाशी धरून वाट मोकळी करून दिली. वळली मात्र नाही.

‘ताई’ पुन्हा ओठाशी आला आणि धाकटीनं तो परत गिळला. होती तिथंच ती उभी राहिली.

थोरलीनं बराच वेळ वाट पाहिली. मग पदर डोळ्यांशी नेला आणि चालू लागली.