अर्ध्या पोटी निजणाऱ्या बॅटऱ्या

भैय्यालालच्या तळहातांवर तेजाबाचे फिकट डाग होते. रेल्वेच्या बॅटरीघरात चौतीस वर्षं काढली, डब्यांच्या दिव्यापंख्यांच्या बॅटऱ्या सांभाळल्या, त्याची ती खूण. मीटर नंतर, आधी हात. तळवा टेकवला की बॅटरीला ताप आहे की नाही, हे त्याला आईला लेकराचं कळावं तसं कळे.

रिटायर झाल्यावर मात्र शहराच्या गुढ़ियारी वस्तीतल्या दोन खोल्यांत सांभाळावं असं काही उरलं नव्हतं. सहा वर्षं तो नुसता पेपर वाचत होता. मग धाकटी लेक रुचिता ड्रोनने फवारणी करायचं शिकून आली आणि चार कोऱ्या बॅटऱ्या पलंगावर मांडून म्हणाली, "बाबा, ह्या नव्या आहेत. पहिले दहा वेळा यांच्याकडून जड काम नाही घ्यायचं. टाकी अर्धीच भरायची, आणि पार रिकाम्या होईस्तोवर उडवायचं नाही."

"म्हणजे नव्या सुनेवानी," त्याची बायको अंजनाबाई चुलीपाशीच हसली आणि भाकरी थापता थापता गुणगुणली,

नव्या सुनेच्या हाताला नको पायलीचं जातं,
पसा पसा दळू द्यावं, मग जुळतं ग नातं.

भैय्यालालला नातवंडं आल्यासारखं झालं. रुचिता भनपुरीच्या पलीकडच्या मोकळ्या रानात ड्रोन हळूहळू उडवून आणी. हा परतलेल्या बॅटऱ्या सावलीत ठेवी, थंड झाल्याशिवाय चार्जरला लावू देत नसे. दाराच्या मागच्या बाजूला खडूने प्रत्येकीचे आकडे लिही. बॅटरीघरातली सवय.

प्रत्येकीची सात उड्डाणं झाली आणि तीजा-पोरा, लेकीबायांनी माहेरी जायचा सण, आला. गावातली फवारणी आठ दिवस थांबली. रुचिता नागपूरला आत्याकडे निघाली. जाताना चारही बॅटऱ्या अर्ध्या भरून, पेटीत घालून पत्र्याच्या खोलीत ठेवल्या. "आल्याबरोबर गुरुवारी आरंगकडे बारा एकर हाय, बाबा. हे नीट झालं तर गाव पूर्ण हंगाम मलेच देणार हाय."

ती गेली आणि भैय्यालालने पेटी उघडून मीटर लावला. अर्ध्या बॅटऱ्या? बॅटरीघरात कोणी बॅटरी अर्धी ठेवून घरी गेलं तर साहेब आधी रागावत, मग बॅटरी रुसे. आत पांढरी खपली धरायची, मग काही केल्या ती उठायची नाही. चौतीस वर्षं त्याने एकही लेकरू अर्ध्या पोटी झोपवलं नव्हतं.

"पोट्टी गडबडीत विसरली असन," तो अंजनाबाईला म्हणाला आणि चारही बॅटऱ्या काठोकाठ भरल्या. रोज सकाळी मीटर लावी. चौथीच्या एका सेलचा आकडा थोडा उतरलेला दिसे. मग तिला पुन्हा लावी, मायेने. वर भादव्याचं ऊन पत्रा भाजत होतं.

बुधवारी दुपारी रुचिता आली. पेटी उघडली. चौथी बॅटरी गालगुंड झाल्यासारखी फुगली होती.

"बाबा, किसने फुल किया इनको?" तिला राग आला की मराठी सुटून हिंदी येई.

"मीच. अर्ध्या होत्या ना."

"अर्ध्याच ठेवायच्या असतात. ह्या तुमच्या रेल्वेच्या बॅटऱ्या नाहीत. ह्या भरल्या पोटी झोपल्या तर फुगतात."

"मले काहून नाही सांगितलं?"

तिने फुगलेली बॅटरी जपून उचलली, अंगणात सुक्या रेतीच्या बादलीत नेऊन ठेवली. भैय्यालाल उंबऱ्यावर हात मांडीवर घेऊन बसला. जन्मभर ज्या हातांवर विश्वास टाकला, ते आज त्याला परके वाटत होते.

"चार होत्या म्हणून बारा एकर घेतलं," रुचिता स्वतःशीच बोलली. "बाकीच्या तिघींचंही काय सांगावं."

"दाराच्या मागं पाह्य," भैय्यालाल हळूच म्हणाला.

तिने दार ओढलं. आठ दिवसांचे खडूचे आकडे होते. तिघींचे एका रेषेत, जरा हलले नव्हते. फक्त चौथीचा एक सेल पहिल्या दिवसापासून ढळत होता. रुचिताने एकेका ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तिघी ठणठणीत आहेत. चौथी मुळातच कच्ची होती, बाबा. तुम्ही तिला लाडाने जास्त चारलं." खडू त्याच्या हातात देत, "उद्या येता का सोबत? मी उडवीन, हात तुम्ही लावा."

गुरुवारी धानाच्या बांधावर, पळसाच्या सावलीत भैय्यालाल बसला. बॅटरी उतरली की तळवा टेकवी. "थांब, हिचा श्वास चालू हाय अजून." मग "आता लाव चार्जरला."

गावचा मुखिया नत्थू वैतागला. "कस बबा, मशीन घलो सुस्ताथे का?" मशीनपण दम घेते का, असा टोमणा.

"हव, भैया. नवी हाय, माहेराहून आलेली."

नत्थू म्हणाला, टाकी पूर्ण भरा, लवकर उरकेल. रुचिताने बापाकडे पाहिलं. दिवस कलत होता, तिघींवर बारा एकर होणं नव्हतं, आणि हंगाम या माणसाच्या हातात होता. भैय्यालालने नुसती मान हलवली, नाही. तिने टाकी अर्धीच भरली.

ऊन उतरेपर्यंत नऊ एकर झालं. नत्थू बांधावरून सगळं शेत चालून आला, पानं उलटून पाहिली, फवारा खालपर्यंत पोचलेला होता. भैय्यालालजवळ उकिडवा बसून त्याने स्वतःच बॅटरीला हात लावला. कोमट होती, तापलेली नव्हती.

"पाछू साल वाले के तो आधा खेत म जर गे रिहिस," तो म्हणाला. गेल्या वर्षीच्या माणसाची बॅटरी अर्ध्या शेतातच जळाली होती. मग उठत रुचिताला, "काली बिहनिया आ जाबे, तीन एकड़ बाकी हे. हंगाम भर के बात घलो कर लेबो. अऊ बबा ला घलो लाबे." उद्या सकाळी उरलेले तीन एकर, मग पूर्ण हंगामाचं बोलणं, आणि बाबालाही आणायचं.

घरी आल्यावर भैय्यालालने दुसऱ्या दिवसासाठी एकही बॅटरी काठोकाठ भरली नाही. सकाळी भरू, म्हणाला. चार्जरच्या बारक्या पडद्याकडे डोळे लावून बसला आणि आकडा निम्म्यावर आल्याबरोबर एकेक काढत गेला. काढताना दर वेळी हात क्षणभर अडखळे. पत्र्याखालून पेटी हलवून माठाच्या खोलीत नेली, ती घरातली सगळ्यात थंड. मग दारामागे खडूने लिहिलं: तिघी, अर्ध्या.

अंजनाबाई पाहत होती. ताट वाढता वाढता तिने नवी ओवी जुळवली,

कोणाला ग भरलं ताट, कोणाला ग चतकोर,
ज्याची भूक त्याले ठाव, नको करू बळजोर.

"मले मात्र पूर्ण वाढ," भैय्यालाल म्हणाला, "मी जुन्यातली बॅटरी हाय."