लग्नाच्या सोफ्यावरची पाहुणी

"सुट्टीत शायेत जाणारे पाहुणे म्या पयल्यांदाच पाह्यले," गीताबाई चुलीपुढं भाकर थापता थापता म्हणाल्या, आणि सुचिताला हसू आवरेना.

सासूबाईंचं काही खोटं नव्हतं. शेखरनं रॉटरडॅमहून निघायच्या आधीच सगळं ठरवून टाकलं होतं. नाताळच्या सुट्टीत रोहिणखेडला यायचं, मोताळ्याकडच्या मुलींच्या वसतिगृहात पांघरुणं द्यायची, गावच्या शाळेत रंगपेट्या वाटायच्या, आणि सात वर्षांच्या पुष्पांजलीला, म्हणजे पुष्पूला, तिचा देश दाखवायचा. 'तिचा देश' हे शेखरचे शब्द. पुष्पूनं मात्र तिकडं वर्गात सांगितलं होतं, आम्ही सुट्टीला परदेशी चाललोय.

सुचिताला धास्ती होती ती याचीच. मागच्या खेपेला पुष्पू सगळी सुट्टी तिच्या ओढणीला लोंबकळत राहिली. आजीनं हात पुढं केला की रडं. परत गेल्यावर शेखर म्हणाला होता, "या पोरीला नाही रमत, तर ओढत कशाला न्यायचं? अजून एकदा बघू. नाहीतर पुढं आपण दोघं आलटूनपालटून येऊन जाऊ." तो सहज बोलून गेला, पण सुचिताच्या काळजाला ते लागून राहिलं होतं. लेकीला आजीचं घरच परकं झालं, तर आपण कुठले?

आणि वसतिगृहात नेमका घोळ झाला. तिथल्या बाईंनी पुष्पूला मधल्या खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला. शेखरला टॉवेल-टोपी, सुचिताला नारळ. मग मुली ओळीनं येऊन पुष्पूच्या हातून पांघरूण घेऊ लागल्या. त्यातली एक, पुष्पूएवढीच, पांघरूण काखेत धरून तिच्या पाया पडायला वाकली.

परतीच्या वाटेवर पुष्पू खिडकीबाहेर बघत बसली. धामणगाव बढ्याचा फाटा गेला तेव्हा म्हणाली, "आई, ती माझ्या पाया का पडली? मी तिला काय केलं?"

सुचितानं शेखरकडं पाहिलं. तो समोरच्या कापसाच्या ट्रॅक्टरकडं बघत राहिला.

"मी उद्या शाळेत नाही येणार," पुष्पू म्हणाली.

संध्याकाळी सुचितानं रंगरावांना गाठलं. रंगराव शाळा समितीचे अध्यक्ष, आणि शेखरच्या बरोबरीचे. "भाऊजी, उद्या सत्कार नका ठेवू. आम्ही पोरांतच बसतो."

"असं कसं वैनी? गाव काय म्हनीन, पाहुण्याइले उभं ठेवलं? रोडग्याचं जेवन हाय. तुम्ही बिनघोर या."

दुसऱ्या दिवशी पुष्पूला कसंबसं समजावून शाळेत नेलं, तर पटांगणात साध्या खुर्च्या नव्हत्याच. रंगरावांनी मंडपवाल्याकडून नवरानवरीचा सोफा आणला होता! लाल मखमल, सोनेरी हात, मागं दोन मोर. शेखरला नवरदेवाच्या जागी बसवलं, सुचिताला नवरीच्या, आणि मधोमध पुष्पूला. तिचे पाय खाली पोचत नव्हते.

"आमच्या लग्नात एवढा भारी नव्हता," शेखर कुजबुजला.

"गप बसा," सुचिता म्हणाली. तिचं सगळं लक्ष पुष्पूच्या खालच्या ओठाकडं होतं. तो थरथरायला लागला की पुढचं तिला पाठ होतं.

भाषणं झाली. रंगपेट्यांचा ढीग समोरच्या टेबलावर मांडला, पोरं रांगेत उभी राहिली. गुरुजींनी पुष्पूला हाक मारली, "ये बाळा, तुझ्या हातानं द्यायचं."

पुष्पू सोफ्यावरून घसरून खाली उतरली. टेबलापाशी गेली, तशीच पुढं गेली, आणि चौथीतल्या दोन पोरींच्या मधे रांगेत जाऊन उभी राहिली.

"अहो, पाहुणी लाईनीत लागली!" रंगराव धावले.

त्यांच्या आधी मागची पोरगी बोलली. दोन वेण्या, लाल रिबिनी, डिंपल तिचं नाव. "ए, काऊन घुसते बे? मांगं लाग!"

सुचिता ताडकन उठली, लेकीला सांगायला, त्या पोरीला समजवायला. तोच सोफ्यामागं उभ्या गीताबाईंनी तिचा पदर धरला. "बस वं गुमान."

पुष्पूनं डिंपलकडं पाहिलं. रांगेकडं पाहिलं. मग चालत चालत पार शेवटी, पहिलीच्या पोरांच्याही मागं जाऊन उभी राहिली. तिचा ओठ जागच्या जागी होता.

शेवटी शेखरच टेबलापाशी जाऊन पेट्या वाटू लागला. लेक समोर आली, हात पुढं केला. त्यानं क्षणभर गुरुजींकडं पाहिलं, अन् इतर पोरांना दिली तशीच तिलाही पेटी दिली. "पुढं चला," तो म्हणाला.

पंगतीत पुष्पू आपसूक डिंपलशेजारी बसली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा टणक रोडगा ताटात पडला, तशी ती चमच्यासाठी इकडंतिकडं बघायला लागली. डिंपलनं तो उचलला आणि बुक्की घालून फोडला. "असा. आता वरण घे. तूप माग, लाजू नको, देतेत."

त्यानंतर पुष्पू रोजच शाळेत जाऊ लागली. शेखरनं बाकीच्या भेटी गुंडाळल्या, उरलेल्या पेट्या गुरुजींकडं देऊन टाकल्या.

निघायचे दिवस जवळ आले. अंगणात सुचिता आणि गीताबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या, शेखर बाजेवर पडला होता. बाहेर गल्लीत ठिकरीच्या खेळावरून डिंपल आणि पुष्पूचं रण पेटलं.

"तुहा पाय पडला रेघेवर!"

"नाही पडला! तूच चिटिंग करते! मले नाही खेळायचं जाय!"

सुचिताचे हात थांबले. "मले म्हणाली ती?" ती उठायला लागली. "थांबवते मी. रडेल ती."

"बस," गीताबाई म्हणाल्या. "भांडू दे. पाहुण्याशी कोनी भांडते काय?"

पुष्पू तणतणत आली आणि कोणाकडं न बघता घरात गेली. शेखर कुशीवर वळला. "पुढच्या वर्षीही इथली शाळा चालू असतानाच आलं पाहिजे," तो म्हणाला. "तिघांनी."

सुचितानं मान खाली घालून आणखी एक शेंग उचलली. दाणे कुठं पडताहेत ते तिला नीट दिसेना.

जरा वेळानं फाटकाशी लाल रिबिनी दिसल्या. "काकू, पुष्पू हाय काय?"

सुचिता उत्तर देणार, तोच आतून आवाज आला, "येऊन राह्यली नं! थांब!" आणि पुष्पू अनवाणीच तिच्या शेजारून पळत गेली, शेंगांचं सूप लाथाडून.

"पाह्य वं, कार्टीनं काय केलं," गीताबाई म्हणाल्या, आणि दोघी अंगणभर सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागल्या.