दरीवर टांगलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. थांबा, थांबा! लगेच हात वर करू नका. घंटा दिसली की वाजवायची, ही तुमची खोड मला चांगली ठाऊक आहे. आज माझ्यातून आवाज निघत नाही आणि तो पुन्हा निघू नये, म्हणून तर मी हे सगळं सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. त्याने मातीचा साचा केला, उन्हात वाळवला आणि रसरसलेलं कांसं त्यात ओतलं. साचा फोडून मला बाहेर काढलं तेव्हा मी काळीकुट्ट आणि खडबडीत होते. ओताऱ्याच्या बायकोने मला घासघासून इतकी लख्ख केली की तिला माझ्यात स्वतःचं नाक दिसायला लागलं, आणि तेही चांगलं पसरट! "मेली, आत्तापासूनच चेष्टा करते," असं म्हणून ती हसली. मग ओताऱ्याने माझ्या पोटात कडी बसवली आणि तिला लोलक अडकवला. लोलक म्हणजे आमची जीभ. तुम्हा माणसांच्या पोटात भीतीने गोळा येतो ना? आमच्या पोटात तो जन्मापासूनच असतो. त्यामुळे आम्ही मुळातल्याच भित्र्या.

मला डोंगरमाथ्यावरच्या देवळात नेऊन गाभाऱ्यासमोर टांगलं. तो चढ म्हणजे चेष्टा नव्हे. माणसं घामाघूम होऊन वर यायची आणि आधी मला हात घालायची. कुणाची नोकरी गेलेली, कुणाच्या घरात आजारपण, कुणाला नुसतंच देवाला बघायचं असायचं. मी वाजले की त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी थोडी उतरायची. अर्ध्या वाटेत दमून बसलेल्या माणसांनाही माझा आवाज जायचा. ती एकमेकांना म्हणायची, "ऐकलंस? घंटा! आलंच देऊळ, ऊठ." पुजारीबुवा माझ्यावर भारी खूश होते. "हिचा आवाज म्हणजे देवाची हाक," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी फुगून जायची, खोटं कशाला बोलू!

पुढे एका भक्ताने माझ्या दुप्पट मोठी घंटा देवाला वाहिली आणि माझी रवानगी मागच्या कोठीत झाली. तिथे मोडक्या समया, फाटक्या सतरंज्या आणि उंदीर असा सगळा संसार होता. माझ्या पोटात एका कोळ्याने जाळं विणलं. रोज पुढून नव्या घंटेचा घणघणाट ऐकू यायचा आणि मी अंधारात धूळ खात पडायची. फार वाईट वाटायचं, मित्रांनो. आता वाटतं, त्या कोठीत मी किती सुखात होते!

एका पावसाळ्यात डोंगराचा एक कडा ढासळला आणि देवळाची जुनी वाट मधेच तुटली. सरळ चालत गेलं की पुढे एकदम दरी. देवस्थानाने डावीकडून नवी वाट काढली आणि देखभालीला एक गृहस्थ ठेवले. ते आधी रेल्वेच्या फाटकावर कामाला होते, म्हणून सगळे त्यांना फाटककाका म्हणत. काकांनी दोन वाटा फुटतात तिथे पाटी लावली, दोर बांधला. पण या डोंगरावर धुकं असं उतरतं की स्वतःचा हात दिसू नये. पाटीचं काय घेऊन बसलात!

"पाटी कुणाच्या बापाला दिसणार?" काका पुजारीबुवांना म्हणाले. "धुक्यात आवाज पाहिजे, आवाज! घंटा वाजली की माणूस जागच्या जागी थांबतो. अख्खी नोकरी मी हेच बघितलंय."

बुवांना ते पटलं. काकांनी मला कोठीतून काढलं, पुसलं, कडीला तेल घातलं. तुटलेल्या वाटेच्या टोकाला त्यांनी जुन्या रुळाचा एक तुकडा रोवला आणि त्याला बाहेर काढलेल्या लोखंडी हाताला मला अडकवलं. हा हात थेट दरीवर येत होता. लोलकाला त्यांनी पत्र्याचा तुकडाही बांधला, म्हणजे दरीतून वारा आला की मी आपोआप वाजावी. पहिल्या वाऱ्याला मी टण् करून वाजले तेव्हा काकांनी टाळी वाजवली. "झकास! आता कुणाची बिशाद आहे पुढे जायची?"

मीही खूश होते. इतक्या वर्षांनी पुन्हा कामाला लागले होते ना! पण मित्रांनो, घंटेचं तोंड खाली असतं हे विसरू नका. माझ्या तोंडासमोर फक्त दरी होती. तळाशी काळे दगड, मध्ये अधांतरी हवा, आणि वर मी, त्या लोखंडी हाताच्या भरवशावर. वारा सुटला की मी गरगरायची आणि जिवाच्या आकांताने ओरडायची. लोकांना वाटायचं, किती गोड वाजतेय!

खरी भीती काय असते, हे मला एका खेचरवाल्याने शिकवलं. धुकं दाट होतं, आणि पाटीजवळचा दोर पावसाने सैल होऊन जमिनीवर लोळत होता. मी वाजत होते, आणि मला त्याचा आवाज जवळ जवळ येताना ऐकू आला. तो खेचराला चुचकारत होता, "चल राणी, घंटा वाजतेय बघ. आलं देऊळ." हा माणूस थांबत नव्हता. हा माझ्याकडे येत होता! काठाजवळ येऊन खेचर अडलं. त्याने शिव्या घातल्या, मागून ढकललं, शेपटी पिरगळली, पण ते मुकं जनावर पाय रोवून उभं राहिलं. तेवढ्यात धुकं जरा फाटलं आणि खेचरवाल्याला समोर काय आहे ते दिसलं. तो खेचराच्या गळ्यात पडून रडला. खाली जाऊन त्याने जो भेटेल त्याला सांगितलं, "देवाने मला वाचवलं." आपल्याला त्या काठावर कुणी बोलावलं होतं, हे मात्र त्याने कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? त्याला ते कळलंच नव्हतं.

मला कळलं होतं. काकांच्या फाटकावर घंटा म्हणजे 'थांब'. या डोंगरावर घंटा म्हणजे 'ये'. वर्षानुवर्षं मीच लोकांना ते शिकवलं होतं. आणि आता तोच आवाज, तीच हाक, मला दरीवर टांगून वाऱ्याच्या ताब्यात दिली होती. त्या दिवसापासून धुकं उतरायला लागलं की माझी पाचावर धारण बसायची. गप्प बसणं माझ्या हातात नव्हतं. काकांना सांगावं म्हटलं तर माझ्याकडे शब्द कुठले? मी टण् टण् करायची आणि काका लांबून समाधानाने मान डोलवायचे.

पुढे काकांचे गुडघे धरले. पाटीजवळच्या आपल्या खोपटातून माझ्यापर्यंत येणं त्यांना जमेना. कडीला तेल मिळेना. पत्रा फडफडून ती एका बाजूने झिजत चालली होती. दोर कुणीतरी सोडून नेला, बहुधा सामान बांधायला. हे सगळं मला दिसत होतं आणि मी वाजत होते.

मग त्या दोघी आल्या.

सकाळची वेळ होती, तरी धुक्याने सगळं पांढरं करून टाकलं होतं. काका खोपटात शेकोटी पेटवत बसले असावेत. दोघी खोपटावरून कधी पुढे गेल्या, हे त्यांना समजलंच नाही. मला आधी नुसते आवाज ऐकू आले. एक आवाज म्हाताऱ्या आईचा, दुसरा तिच्या लेकीचा. लेकीला धाप लागली होती.

"आई, जरा हळू. टाके ओढतायत."

"बस गं, पोचलोच. डॉक्टरांनी हात टेकले होते तुझ्यासाठी. तेव्हा मी देवाला शब्द दिलाय, हिला उभी कर, तुझ्या दारात हिला चालवत आणते. आता शेवटच्या वळणावर बसून कसं चालेल?"

"पण आई, मागे पाटी होती. बाण डावीकडे होता. मला दिसला ओझरता."

"घंटा कुठून येतेय?"

लेकीने कान दिला. मग हळूच म्हणाली, "समोरून."

"मग? पाटी माणसाने लावलेली असते, पोरी. घंटा देवाची. चल, हात दे."

आईने लेकीचा हात धरला होता आणि ती तिला माझ्याकडे आणत होती. मरणाच्या दारातून परत आलेली लेक, आणि तिला ही माउली माझ्या आवाजावर विश्वास ठेवून दरीत नेत होती! वारा थांबेना. पत्रा फडफडत होता, लोलक माझ्या अंगावर आपटत होता, आणि प्रत्येक टणत्काराला ती म्हातारी म्हणत होती, "आले रे देवा, आले." मी वाजले की तिची चप्पल पुढे पडायची. पुन्हा वाजले, पुन्हा पुढे. खडे खाली घरंगळायला लागले. ते दरीत पडत होते, पण माझ्याच गोंगाटात ते दोघींना ऐकू जात नव्हतं.

तेव्हा मी देवाचा धावा केला. जन्मभर मी त्याच्यासमोर वाजले होते, पण मागितलं कधी काही नव्हतं. मी म्हटलं, "देवा, लोक म्हणतात माझा आवाज म्हणजे तुझी हाक. मग तुझी हाक परत घे. मला मुकी कर. आत्ता कर!"

कडी तुटली.

लोलक पत्र्यासकट माझ्या पोटातून सुटला. पहिल्यांदा तो कड्यावर आपटला, खण्ण! मग बराच खाली दुसऱ्या दगडावर. मग आणखी कितीतरी खाली, अगदी बारीक आवाज. आणि मग काहीच नाही. कडी झिजलेली होती, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे. पण ती नेमकी तेव्हाच का तुटावी, हे मला अजूनही उमगलेलं नाही.

"आई, हलू नकोस!" लेक किंचाळली. "ऐकलंस का? केवढं खाली गेलं ते! पुढे जमीनच नाहीये!"

आई एक पाय पुढे टाकलेल्या अवस्थेत तशीच उभी राहिली. लेकीने तिला दोन्ही हातांनी मागे खेचलं आणि दोघी ओल्या मातीत बसल्या. मी वर अधांतरी लटकत होते, आणि वारा माझ्या रिकाम्या पोटातून नुसता घुमत होता.

मी बंद पडले हे तिकडे काकांच्या लक्षात आलं. दुखरे गुडघे घेऊन ते धावत सुटले. "कोण आहे तिकडे? जागचे हलू नका!" असं ओरडत ते आले, आणि दोघींना बघून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो मावशी, घंटा वाजत होती ना? मग पुढे कशाला आलात?"

"घंटा वाजत होती म्हणूनच आले!"

"घंटा वाजली की थांबायचं असतं हो!"

"असं कुठे असतं?" आई रडत म्हणाली. "देवाच्या डोंगरावर घंटा वाजली की यायचं असतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग दरीकडे. मग तेही त्या दोघींशेजारी मातीत बसले. "म्हणजे मी इतके दिवस..." एवढंच ते म्हणाले.

आईने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुझ्यासाठी देवाचे आभार मानायला निघाले होते गं. आणि तुलाच मी घेऊन चालले होते. देवाने बोलावलंय, असं मला खरंच वाटलं."

लेकीने पदराने तिचे डोळे पुसले. "देवाने बोलावलं नसेल, आई. पण थांबवलं तर खरं ना? चल, दर्शन राहिलंय आपलं." ती उठली, आईचा हात धरला, आणि काकांनी दाखवलेल्या डाव्या वाटेने दोघी वर गेल्या. या वेळी पुढे लेक होती.

काकांनी मला त्याच दिवशी काढलं आणि ती वाट दगड रचून बंद केली. इथेच माझी गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण ही हकिगत डोंगरभर झाली. लोक विचारायला लागले, ती चमत्काराची घंटा कुठे आहे? देवस्थानाच्या मंडळींनी मला पुन्हा त्याच रुळावर आणून टांगलं. आता लोक माझ्या पाया पडायला येतात. मला हात लागावा म्हणून काकांनी रचलेल्या दगडांवर चढतात आणि दरीवर वाकतात. मी वाजत नाही म्हणून हळहळतात. "अरेरे, बिचारीची जीभ गेली," म्हणतात.

आणि आता एक दाता मिळाला आहे. मोठ्या भक्तीचा माणूस. त्याने माझ्यासाठी नवा लोलक करवून घेतला आहे, चांगला वजनदार. तो नव्या कापडात गुंडाळून देवस्थानाच्या कचेरीत ठेवला आहे. काका हात जोडून सगळ्यांना सांगतात, "अहो, तिला गप्प राहू द्या." मंडळी हसतात. म्हणतात, काका, तुमची श्रद्धाच कमी!

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आमची निगा राखा, मोडलं तर जोडा. मीही हात जोडून विनवलं असतं, पण मला हात नाहीत. तुमच्यापैकी कुणाचं त्या मंडळींशी बोलणं होत असेल, तर माझा एवढा निरोप त्यांना द्या. दरीतून वारा यायला सुरुवात झाली आहे, धुकंही उतरेल. माझ्यावर खरंच माया असेल, तर मला दुरुस्त करू नका.