शेवटच्या दिवसाचं पत्र आणि हातोडीबाई

शुक्रवारी संध्याकाळी चर्चमागच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. गावात तापाची साथ, आणि माणसं एकमेकांच्या मानेवर खोकत दाटीवाटीने बसलेली. का, तर साथ कशामुळे आली हे त्यांना ऐकायचं होतं! व्यासपीठावर पांढऱ्या झग्यातले एक गृहस्थ उभे होते. स्वतःला ते 'शेवटचा पहारेकरी' म्हणवून घेत. त्यांच्या हातात एक लिफाफा होता.

"मी कोण सांगणारा? मी नुसता लिफाफा. आतली शाई वरची आहे," ते म्हणाले.

गेल्या वर्षी आठवडाभर ते याच गावात उतरले होते म्हणे. स्वप्नात वाणी झाली, ती त्यांनी जशीच्या तशी उतरवली आणि त्याच दिवशी इथल्याच पोस्टातून स्वतःच्या पत्त्यावर टाकली, पुढे कुणाला शंकेला जागा नको म्हणून. तेव्हापासून पाकीट फोडलेलं नाही. लाखेने बंद केलेली मागची बाजू त्यांनी सगळ्यांना दाखवली, मग पुढचा शिक्का. तारीख मागच्या वर्षीची. आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी विचारलं, हा शिक्का मारणाऱ्या बाई सभेत आहेत का?

होत्या. तिसऱ्या रांगेत म्हाताऱ्या वडिलांशेजारी बसल्या होत्या. बावीस वर्षं पोस्टात शिक्के मारायचं काम, आणि हात असा जड की आधी पोस्टाने आणि मग अख्ख्या गावाने त्यांचं नाव हातोडीबाई ठेवलं होतं. बाई पुढे गेल्या, चष्मा लावून पाहिलं. शिक्क्याच्या गोलाचा एक टवका उडालेला होता, पडक्या दातासारखा. तारखेत खाडाखोड नव्हती.

"शिक्का माझाच," बाई म्हणाल्या. खरं तेच बोलायची सवय, दुसरं काय म्हणणार?

पहारेकऱ्यांनी सुरीने पाकीट फोडलं. आत घडी घातलेली चार पानं इतकी ठासून भरलेली की ओढून काढावी लागली. मासळीबाजाराच्या गल्लीतून ताप उठेल, मनोऱ्यावरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटांनी बंद पडेल, शाळेला कुलूप लागेल. सगळं अक्षरशः खरं! बायका डोळे पुसू लागल्या, न्हाव्याने गुडघे टेकले. मग पत्र पुढे सरकलं. हीच शेवटची महामारी, जगाचे चाळीस दिवस उरले, आणि सोमवारी शाळेत टोचणार आहेत ती लस म्हणजे बायबलातल्या श्वापदाची, सैतानाची खूण. ती घेणाऱ्याचं नाव जीवनाच्या पुस्तकातून खोडलं जाईल. ज्यांना तरायचं असेल त्यांनी पहारेकऱ्यांबरोबर डोंगरावर यावं, मात्र हलकं होऊन. अंगठ्या, साखळ्या, घड्याळं या पिशवीत टाकावीत. त्या सगळ्याचं ओझं बिचारे ते एकटेच वाहणार होते.

बाईंचे वडील जुने शिंपी. वय अठ्ठ्याहत्तर, छाती फाटक्या भात्यासारखी. हा ताप त्यांना आला तर निभावणार नाही, असं डॉक्टरांनी बाईंना तोंडावर सांगितलं होतं. अंगठी त्या पिशवीत टाकून घरी परतताना म्हातारबुवांनी जाहीर केलं की ते सुई टोचून घेणार नाहीत. बाईंनी समजावलं, रागावल्या, शेवटी विनवण्या केल्या.

"पोरी, शिक्का तुझा आहे," ते शांतपणे म्हणाले. "आणि तू खोटा शिक्का मारत नाहीस, हे मला ठाऊक आहे."

बापाच्या जिवावर आपणच शिक्का मारला, असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी पोस्टाच्या खिडकीशी फोटोवाला तणतणत आला. त्याचं हे नेहमीचंच. लग्नाचा फोटो पाकिटात घालून पाठवला होता, पत्ता न सापडल्याने परत आला, आणि बघा काय झालंय.

"बाई, नवरीच्या गालावर तुमची तारीख बसलीय."

बाई सवयीने माफी मागायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. फोटो उजेडात तिरपा धरला. गालावर गोल खळगा, टवक्यासकट. त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. फोटोवाला पाय आपटत निघून गेला.

रविवारी उपासना संपल्यावर बाईंनी पाळकांकडे पाच मिनिटं मागितली. पहारेकरी पहिल्या रांगेत पिशवीसह विराजमान होते, आणि ते पत्र लिफाफ्यासह टेबलावर मांडलं होतं. लोक त्याला हात लावून डोळ्यांना लावत होते. बाईंनी विचारलं, आपल्या पोस्टातून आलेलं जुनं पत्र कुणाजवळ आहे का? पर्समधून, खिशांतून, गीतपुस्तकांतून सातआठ पत्रं निघाली. बाईंनी प्रत्येकाच्या आतल्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली. दर पत्रावर पांढरा गोल उमटला, पडक्या दातासकट. लोक हसू लागले.

मग त्यांनी तो लिफाफा घेतला. पुढच्या बाजूला खळगा होता, मागच्या बाजूलाही होता. शेवटी चार पानं घासली. एकावरही काही नाही.

"पुढच्या कागदाला खळगा, मागच्या कागदाला खळगा, आणि मधली चार पानं गुळगुळीत. माझा शिक्का पानांवरून उडी मारून गेला का?"

देवदूताने पत्र जपलं, असं पहारेकऱ्यांनी घाईघाईने सांगितलं.

"मग लिफाफा जपायला त्याला काय झालं होतं?" बाई म्हणाल्या आणि सगळं उलगडून सांगितलं. गेल्या वर्षी या गृहस्थांनी रिकामं पाकीट, न चिकटवता नुसतं झाकण आत खोचून, स्वतःला पाठवलं. शिक्का खरा, तारीख खरी, आत हवा. ताप आला, घड्याळ थांबलं, मग निवांत बसून भविष्य लिहिलं, ठासून भरलं आणि लाख लावली. पाऊस पडून गेल्यावर छत्री दाखवून, मी आधीच म्हणालो होतो, असं सांगण्यातला प्रकार.

तेवढ्यात म्हातारबुवा काठी टेकत पुढे आले. तीन गल्ल्यांपलीकडे राहणारी नात त्यांना हौसेने पोस्टातूनच पत्र टाकायची. ते पत्र त्यांनी गीतपुस्तकातून काढलं आणि पन्नास वर्षं कापड चाचपलेली बोटं त्याच्या कोपऱ्यावरून फिरवली. मग पहारेकऱ्यांची पानं. डोळे मिटून, दोनदा.

"हे कापड इस्त्रीखाली गेलेलंच नाही," ते म्हणाले, आणि पिशवीत हात घालून आपली अंगठी शोधू लागले. मग सगळेच शोधू लागले. या गर्दीत पहारेकरी कधी सटकले ते कुणाला कळलं नाही. जगाचे चाळीस दिवस बाकी होते, पण त्यांना दुपारची बस चुकवायची नव्हती.

पाळक उठले. साथी आजवर कितीदा आल्या, ते म्हणाले, आणि दर वेळी कुणी ना कुणी बोटांवर दिवस मोजत बसलाच. तो दिवस कुणालाही ठाऊक नाही, हे प्रभूने स्वतः सांगून ठेवलंय. त्याने आपल्याला दिलेलं काम वेगळं आहे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं. विश्वास ठेवा, पण पाकीट उलटून पाहायला लाजू नका. अक्कलही त्यानेच दिलीय. मासळीबाजाराच्या गल्लीत आज सूप कोण पोचवणार? बरेच हात वर झाले.

सोमवारी शाळेच्या रांगेत म्हातारबुवा सगळ्यांच्या आधी उभे होते. नर्सने सुई टोचली, बाईंनी दुसऱ्या बाजूने त्यांचा हात धरला होता. त्या रडत होत्या आणि ते लपवतही नव्हत्या. पाठीमागे न्हावी उभा, अजून घुटमळत. खरंच खूण उठत नाही ना, त्याने हळूच विचारलं.

म्हातारबुवांनी उघडा दंड त्याच्यापुढे केला.

"मला कशाला विचारतोस? हात लावून बघ."