धबियाचं पोट

शंभर किलोमीटर झाले, तिसरी फेरी संपली आणि धबिया घोडी तपासणीच्या फाटकात शिरली, तेव्हा तिच्या मागे चिटपाखरूही नव्हतं. मिझनाने खोगिरावरून उडी मारली आणि आधी वळून खात्री करून घेतली. खरंच कुणी नव्हतं. सहा वर्षं ती या लांब पल्ल्याच्या शर्यती पळत होती, आणि सहा वर्षं तिच्या वाट्याला दुसऱ्यांच्या घोड्यांची धूळच आली होती. आता शेवटचे वीस किलोमीटर, बस.

चुलतभावांनी बर्फाचं पाणी धबियाच्या मानेवर, छातीवर, मांड्यांच्या आत रितं केलं. अंगातून वाफ निघाली. तिसऱ्या मिनिटाला घोड्यांचे डॉक्टर इद्रीस यांनी तिच्या छातीला ठोके ऐकायची नळी लावली.

"बावन्न."

"माशाल्ला!" चुलतभाऊ ओरडले. चौसष्टच्या खाली आलं की घोडी पास, इथे तर बारा ठोके हातचे राखलेले!

त्या काळजाचं कौतुक करावं तेवढं थोडं. फाटकाच्या जरा अलीकडे ते मिनिटाला दीडशेच्या वर उडत होतं. तुम्ही-आम्ही दोन जिने चढलो तरी पाव तास धापा टाकतो, आणि ही बाई सकाळपासून वाळूत पळते आहे, तीन बादल्या घाम गाळून बसली आहे, तरी तीन मिनिटांत अशी शांत उभी, जणू नुकतीच झोपून उठली. डॉक्टरांनी हिरडी दाबून पाहिली, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तिला दुडक्या चालीने पळवलं. पाय चोख होते. फक्त पोटाशी नळी लावल्यावर डॉक्टर जरा जास्त रेंगाळले.

"आवाज कमी आहे," ते म्हणाले. "पण आहे. नियमाप्रमाणे जाऊ शकते. चाळीस मिनिटं विश्रांती, खाऊ घाला."

मिझनाचे काका खलफान आता पुढे आले. घोडी त्यांनीच तयार केली होती. त्यांनी डोक्यावरचा रुमाल मागे सारला आणि धबियाच्या कुशीला कान लावला. दहा श्वास डावीकडे, दहा श्वास उजवीकडे. त्यांच्या वडिलांपासूनची ही रीत, आणि त्यावरून अख्खा तळ त्यांची टिंगल करायचा.

"काय म्हणते हो काका? निकाह करते का तुमच्याशी?" शेजारच्या तंबूतून कुणीतरी विचारलंच.

"तुझ्यापेक्षा बरं स्थळ हवंय म्हणते," काकांनी मान न वळवता सुनावलं. मग मिझनाला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पोट गप्प आहे, पोरी. रक्त सगळं पायांत आणि कातडीत गेलंय. पोटाला कुणी वालीच उरला नाही."

"काका, बावन्न ठोके! तीन मिनिटांत!"

"काळीज सोन्याचंच आहे तिचं. मी पोटाबद्दल बोलतोय. ऐक तू."

मिझनाने कान लावला. धडधाकट घोडीच्या पोटात एरवी उखळी तोफा उडत असतात. तिला काहीच ऐकू आलं नाही. तिने आणखी जोराने कान दाबला. तरी नाही. पुढच्या महिन्यात धबिया पैदाशीच्या तबेल्यात जाणार होती. ही तिची शेवटची शर्यत, आणि अशी घोडी मिझनाच्या नशिबी पुन्हा येणार नव्हती. हातातोंडाशी आलेला घास होता.

"वाजतंय की," ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "तू स्वार आहेस," एवढंच बोलून ते खोगिराचा तंग आवळायला वाकले. धबियाने गाजर तोंडात धरलं आणि न चावताच खाली टाकलं. मिझनाने तेही पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

चाळीस मिनिटांनी ती निघाली. बाजूने काकांची गाडी धावत होती. धबियाचे कान पुढे होते, चाल अशी की दुधाचा पेला पाठीवर ठेवावा. एक किलोमीटर गेला, दोन गेले. तिसऱ्याला धबियाने पळता पळताच मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिलं. पुन्हा समोर पाहिलं आणि त्याच चालीने पळत राहिली.

घोडीला दुखत होतं, हे घोडीला कळत होतं. पण कुणी पुढे चल म्हटलं, तरी दुखलं की थांबायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती अशीच फाटकापर्यंत जाईल आणि फाटकात पडेल. मिझनाने लगाम ओढला आणि खाली उतरली.

मागची स्वार सुसाट पुढे गेली. "काय गं, पेट्रोल संपलं?" तिने जाता जाता विचारलं. गाडीतून उतरून काका आले. त्यांनी घोड्यांची रुग्णगाडी बोलावली.

दवाखान्यात धबियाच्या मानेत सलाइनची सुई गेली, नाकातून नळी गेली. डॉक्टर इद्रीस यांनी दोन्ही कुशी ऐकल्या आणि मान हलवली. "उरलेले सतरा किलोमीटर ती पळाली असती," ते म्हणाले. "पळालीच असती. मग मात्र माझ्या हातात काही उरलं नसतं." त्यांनी तपासणीच्या कार्डावर स्वतःच लिहिलेल्या 'पास'कडे पाहिलं आणि कार्ड खिशात घातलं.

बाहेर कर्ण्यावरून विजेतीचं नाव पुकारलं गेलं. आत सगळ्यांचे डोळे एका घोडीच्या शेपटीवर. दुपारची उन्हं उतरली, सलाइनच्या पिशव्यांमागून पिशव्या संपल्या आणि सूर्य मावळून मगरिबची बांग व्हायच्या जरा आधी ती शेपटी वर झाली. लिदीचे चार गोळे धपाधप खाली पडले; पोट चालू झालं होतं.

"मबरूक!" चुलतभाऊ बेंबीच्या देठापासून ओरडले. डॉक्टरांनी काकांना मिठी मारली. दारावरून विजेतीचे लोक ढाल मिरवत चालले होते, त्यांना वाटलं अभिनंदन आपलंच, त्यांनीही छातीवर हात ठेवून आभार मानले. मिझना हसत सुटली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

सगळे पांगल्यावर ती काकांजवळ गेली.

"काका, मी खोटं बोलले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं."

"ठाऊक होतं."

"मग मला जाऊ का दिलंत?"

खलफान धबियाच्या मानेवरून हात फिरवत राहिले. ओल्या केसांत मिठाची पांढरी पुटं होती, ती ते बोटांनी सोडवत होते.

"मलाही जिंकायचं होतं, पोरी," ते म्हणाले.